बाईंच्या गोष्टींमधला दुसरा आवाज

माझ्या हायस्कूलच्या मराठीच्या बाईंचं पुस्तक निघालं तेव्हा बाई हयात नव्हत्या. खरं तर ते पुस्तक त्यांनी लिहिलंही नव्हतं. त्यांनी ते सांगितलं होतं, दुपारच्या वेळी, आपल्या मोबाईलमध्ये. ते कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या कामात मला जे ऐकू आलं ते मी बरेच दिवस कुणाजवळ बोलले नाही. शिकलेली पोरगी असलं काय बोलते, असं लोक म्हणाले असते, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

मी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. वडील फौंड्रीत कामाला होते, आई थोडी शेती आणि दोन म्हशी बघायची. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी गेले ते बाईंमुळं. बारावीनंतर माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा बाई एका रविवारी कोल्हापुरातून बसनं येऊन थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. वडील त्यांना म्हणाले, "बाई, शिकून शिकून शेवटी भाकरीच बडवायची न्हवं?"

"बडवू दे की," बाई म्हणाल्या. "पदवी घेतलेल्या हातानं बडवू दे. भाकरी काय वाकडी होणार आहे?"

वडील हसले, आणि आमचे वडील हसले म्हणजे हरले. मी मराठी घेऊन बी. ए. झाले. माझ्या नावापुढं आज जी दोन अक्षरं आहेत त्यातलं निदान एक तरी बाईंचं आहे, असं मी मानते.

पण गोष्ट सांगणाऱ्या बाई मला माहीत नव्हत्या. वर्गात त्या शुद्धलेखन घ्यायच्या, समास सोडवायला लावायच्या, निबंधात "रम्य सकाळ" लिहिलं की त्यावर लाल रेघ मारायच्या. "सकाळी उठून काय केलंस ते लिही. रम्य होती का नाही ते मी ठरवीन," असं म्हणायच्या. त्यामुळं त्यांचे यजमान आमच्या छापखान्यात आले आणि जे बोलले, ते ऐकून मी बसल्या जागी थक्क झाले.

आमचा छापखाना राजारामपुरीत आहे. वरच्या मजल्यावर क्लास, शेजारी दातांचा दवाखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून एखादं पुस्तक. मी तिथं टायपिंग करते आणि प्रुफं वाचते. काका, म्हणजे बाईंचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कमी बोलणारे. त्यांनी कापडी पिशवीतून बाईंचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. त्याभोवती चार्जर गुंडाळून वर रबर लावलेलं होतं.

"यात तिच्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक व्हावं, अशी इच्छा आहे."

आमच्या मालकांनी विचारलं, "कसल्या गोष्टी म्हणायच्या? संसाराच्या?"

"नाही. घडत नाहीत तसल्या."

"मग भुताखेताच्या असतील."

"मी एकच ऐकायला घेतली होती. तिच्यात भूत नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं."

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "घे गं. बाई तुझ्या, गोष्टीबी तुझ्याच. आमच्यात हे ऐकायला वेळ कुणाला हाय?"

दुसऱ्या दिवसापासून मी कानात इअरफोन घालून बसू लागले.

पहिली गोष्ट अशी होती. एका गावाच्या वेशीवर नाका आहे. गावात शिरताना आपली सावली नाक्यावर ठेवायची आणि परत जाताना घेऊन जायची, असा नियम. एक बाई बाजार करून परत येते, तर नाकेदार म्हणतो, तुमची सावली मघाशीच नेली की. कुणी नेली, असं ती विचारते. नाकेदार म्हणतो, तुम्हीच.

आणखी एका गोष्टीत आठवड्याचा बाजार एक दिवस आधी भरतो, आणि त्यात उद्या मरणाऱ्या माणसांचे कपडे धुऊन, घडी घालून विकायला मांडलेले असतात. एक माणूस त्यातल्या एका शर्टाची घासाघीस करत बसतो. शर्ट त्याचाच असतो, त्याला ओळखू येत नाही. एका गोष्टीत ऊस तोडणाऱ्या टोळीला फडाच्या मधोमध सारवलेलं अंगण सापडतं. अंगणात गरम जेवणाची ताटं वाढून ठेवलेली. ताटं मोजली तर माणसांपेक्षा एक कमी. जेवायला कुणीच बसत नाही, सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, आणि गोष्ट तिथंच संपते.

मी टाईप करता करता थांबायचे. छापखान्यात मशीन धडधडत असायचं, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालायची, वरून क्लासमधल्या पोरांचे बाक सरकल्याचे आवाज यायचे, तरी माझ्या मानेवर काटा यायचा. बाईंचा आवाज अगदी साधा होता. त्या घाबरवत नव्हत्या. भाजी निवडताना बोलावं तशा बोलत होत्या. आणि बोलत होत्या आमच्या भाषेत. आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी आलो" म्हणतात. वर्गात असं म्हणणाऱ्या मुलीला बाई उभं करून वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या. इथं त्या स्वतः म्हणत होत्या, "तर मी काय सांगतो, ती बाई मागं वळून बघती तर काय…"

आणि त्यानंतर दुसरा आवाज यायचा.

"हूं."

पहिल्या दिवशी मला वाटलं बाईच खाकरल्या. मग वाटलं, मोबाईलचा दोष. तिसऱ्या गोष्टीपर्यंत तसं म्हणण्याची सोय राहिली नाही. बाई वाक्य पुरं करायच्या, श्वास घ्यायच्या, आणि नेमक्या त्या जागी कुणीतरी "हूं" म्हणायचं. तो आवाज थोडा लांबून यायचा. पुरुषाचा की बाईचा, कळायचं नाही. पण तो एकसारखा नव्हता. नाकेदारानं "तुम्हीच" म्हटलं तिथला हुंकार आत ओढून घेतल्यासारखा होता. शर्टाच्या घासाघीशीला तो जवळजवळ हसला होता. ऐकणारं जे कुणी होतं त्याला गोष्ट पुरेपूर समजत होती.

त्या दोन्ही आवाजांच्या खाली आणखी एक बारीक गुरगुर असायची, सतत, जणू कुणी झोपेत श्वास घेतंय. मी तिला मोबाईलचा आवाज समजून सोडून दिलं. टाईप करताना मी फक्त बाईंची वाक्यं घेतली. हुंकार कोण छापतं?

आमच्याकडं गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लहानपणी आईसुद्धा मला "हूं म्हण" अशी दटावायची. तो का द्यायचा, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. त्या रविवारी आई गोठ्यात म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती, तेव्हा मी विचारलं.

"न्हाईतर सांगणाऱ्याला कसं कळायचं, ऐकणारं जागं हाय का झोपलंय?" आई म्हणाली.

"आणि झोपलं तर?"

"तर थांबायचं. तितंच. पुढं एक शबुद काढायचा न्हाय."

"का पण?"

"माणूस झोपलं आन् गोष्ट तशीच रेटली, तर हुंकार दुसरंच कुणीतरी द्यायला लागतंय. मग ते गोष्ट संपल्याबिगर उठून जात न्हाय."

"कोण दुसरं?"

"मला काय म्हाईत? मी काय कवा वळून बघितलो न्हाय." तिनं एक गोचीड दगडानं चिरडली. "एवढी बी. ए. झालीस आन् ह्येच इचारतीस व्हय?"

ती हसत होती. मीही हसले. सोमवारी छापखान्यात बसले तेव्हा मात्र मी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, म्हणजे पाठीमागं जागा उरणार नाही.

त्याच आठवड्यात मालकांनी माझ्या टेबलावर टकटक केलं. "कुणाला हूं म्हणतीयास गं?"

मी इअरफोन काढले. "मी?"

"सकाळपासनं बघतोय. म्हशीगत हूं हूं चाललंय."

मला कळलंच नव्हतं. बाई श्वास घ्यायच्या आणि माझ्या तोंडून हुंकार जायचा. मी ती जागा मागं नेऊन पुन्हा ऐकली. बाईंचं वाक्य, मग तो लांबचा हुंकार. माझा हुंकार त्याच्यावर बरोबर बसत असणार, कारण हूं म्हणताना मला तो ऐकूच आला नव्हता.

काका प्रुफं बघायला यायचे. खुर्चीत बसून पानं उलटायचे, पण वाचायचे नाहीत. एके दिवशी मालक चहाला बाहेर पडले तसे काका खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "तुला त्यात आणखी कुणी ऐकू येतंय का?"

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं की जास्त भीती वाटली, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"मला वाटलं, मलाच होतंय," ते म्हणाले. "म्हणून मी पुढं ऐकलं नाही. दुपारी घरात कुणी नसायचं गं. कामाच्या मावशी दोनला जेवायला घरी जातात. मी वाचनालयात असायचो, पेपर वाचत."

"आजी असतात ना?"

आजी म्हणजे काकांच्या आई. कैक वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून होत्या.

"आईला काही कळत नाही," काका म्हणाले. "वाचा गेली आणि समजही गेली. डॉक्टरांनीच तेव्हा सांगितलं. ती नुसती कण्हते. तो आवाज कण्हण्याचा आहे का? तो ऐकतोय."

तेवढ्यात मालक आले आणि काकांनी पुन्हा पान उलटलं.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी होती. पन्हाळ्याला जाणारी बस घाटात धुक्यात थांबते. कंडक्टर म्हणतो, ज्यांचा आवाज हरवलाय त्यांनी इथं उतरून घ्या. एक बाई उतरते. ती खूप वर्षं बोललेली नाही. धुक्यात एक गाव असतं. तिथं माणसं नाहीत, माणसांचे हरवलेले आवाज राहतात. सगळी दारं बंद. एका दाराआड कुणी गवारीचा भाव सांगतंय, एका दाराआड कुणी कधीचं एका बाळाला निजवतंय. ती बाई दाराला कान लावत लावत पुढं जाते. शेवटच्या घरात तिला तिचाच आवाज ऐकू येतो. तो आवाज आत कुणाशी तरी बोलतोय. मजेत आहे. ती कडीला हात घालते.

इथं बाई थांबतात. "आता उद्या," म्हणतात. लांबून एक हुंकार येतो, नाराजीचा. बाई हसतात. "उद्या म्हटलं न्हवं?" आणि रेकॉर्डिंग संपतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई झोपेतच गेल्या.

गोष्ट तशीच छापायची की गाळायची, यावर छापखान्यात बैठक झाली. मालकांचं म्हणणं सरळ होतं. "अर्धी गोष्ट छापली तर गिऱ्हाईक म्हणंल, ह्यांनी पानं खाल्ली. गाळा आणि मोकळे व्हा."

काका गाळायला तयार नव्हते. बाईंची ही शेवटची बोललेली वाक्यं होती. अर्धी ठेवायलाही ते तयार नव्हते. "पुस्तक अर्धं राहिलं तर मला वाटत राहील, तीच अर्धी राहिली," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तिची विद्यार्थिनी. शेवट तू लिही. दोन पानं. कुणाला कळणार नाही."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. बाईंच्या पुस्तकात माझी दोन पानं. आणि त्याच वेळी एक गोष्ट खटकली. पुस्तकावर नाव बाईंचं राहणार होतं. एकदा छापलं की ती वाक्यं कायमची बाईंची होणार होती, बऱ्यावाईटासकट, आणि हे मी म्हटलेलं नाही असं सांगायला बाई येणार नव्हत्या. पण काकांना नाही म्हणायचं माझ्यानं झालं नाही. बाईंनी माझ्यासाठी जे केलं त्यापुढं दोन पानं ती काय?

मी शेवट लिहिला. ती बाई कडी वाजवते, दार उघडतं, तिचा आवाज धावत येऊन तिला बिलगतो. ती परतीच्या बसमध्ये बसते आणि कंडक्टरला खणखणीत आवाजात आपल्या गावाचं नाव सांगते. मी तो पुन्हा पुन्हा सुधारला. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मालक म्हणाले, "झ्याक जमलंय." ती पानं गोष्टीला जोडून मी एका दुपारी काकांना दाखवायला त्यांच्या घरी गेले.

राजारामपुरीतल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. दुपारी त्या गल्ल्यांत दुकानांची शटरं निम्मी खाली असतात आणि कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. मावशींनी दार उघडलं. त्यांचं त्या दिवशी जेवायला जायचं राहिलं होतं, कारण काका औषधं आणायला गेले होते.

"बस की. येतीलच," मावशी म्हणाल्या. "च्या टाकू?"

मी नको म्हणणार, तेवढ्यात आत काहीतरी ऐकू आलं. आतल्या खोलीतून ती गुरगुर येत होती. बारीक, सतत, झोपेत कुणी श्वास घ्यावा तशी. सगळ्या रेकॉर्डिंगच्या तळाशी जी होती तीच.

"मावशी, हा कसला आवाज?"

"कसला? हां, ते व्हय. म्हातारीच्या गादीची मोटर. पाठीला जखमा हुऊ नयेत म्हणून हवेची गादी घातलीया, तिला रातध्याड हवा भरत असती. मला तर आता ऐकूबी येत न्हाय."

मी आत गेले. आजी उताण्या होत्या. अंग इतकं कमी उरलेलं की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे उघडे, छताच्या पंख्यावर. खाटेशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीवर अजून बाईंची उशी होती, पाठीला घ्यायची. बाई इथं बसायच्या तर.

मावशी दारातून म्हणाल्या, "तिच्याशी काय बोलू नगंस. तिला काय समजत न्हाय बग. नुसती कण्हती. बाई हुत्या तवर दुपारची जरा गप पडायची, आता दिसभर चालू."

मी खुर्चीवर बसले. पिशवीतली पानं काढली. कशासाठी, ते माझं मलाही नीट उमगलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पन्हाळ्याची बस घाटात थांबली. धुकं इतकं होतं की ड्रायव्हरला स्वतःचे हात दिसत नव्हते.

मी श्वास घेतला.

"हूं," आजी म्हणाल्या.

तो मोबाईलमधलाच आवाज होता. ओठ हलले नव्हते. डोळे पंख्यावरून हलले नव्हते. मावशींनी दाराची चौकट धरली. "आगं बया," एवढंच त्या म्हणाल्या.

मी वाचत गेले. थांबायची भीती वाटत होती म्हणून वाचत गेले. गवारीच्या भावाला हुंकार आला, बाळ निजवणाऱ्या आवाजाला लांबलेला हुंकार आला. बाई जिथं जिथं श्वास घ्यायच्या तिथं तिथं तो येत होता. बाहेरच्या दाराचा आवाज झाला, चपला काढल्याचा झाला. काका मावशींच्या मागं येऊन उभे राहिले, औषधाची पिशवी हातात तशीच. मी वाचणं सोडलं नाही. ती बाई शेवटच्या दाराशी आली, तिनं कडीला हात घातला.

"हूं."

मग माझी पानं सुरू झाली. दार उघडलं. तिचा आवाज धावत आला. मी श्वास घेतला. काही आलं नाही. मी पुढचं वाक्य वाचलं, आणखी सावकाश. आवाज तिला बिलगला. काही आलं नाही. बसच्या परतीच्या वाटेपर्यंत मी कशीबशी पोचले. खोलीत फक्त गादीची मोटर चालली होती. आजींचा चेहरा तोच होता, पण जो कुणी ऐकत होता तो खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं. कंडक्टरला गावाचं नाव सांगण्याचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हुंकार नसताना पुढं बोलायचं नाही, एवढं मला कळत होतं.

मी मागचं पान काढलं आणि बाईंचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. शेवटच्या घरात तिला तिचाच आवाज ऐकू आला. तो आत कुणाशी तरी बोलत होता. मजेत होता. तिनं कडीला हात घातला.

"हूं," आजी म्हणाल्या.

मी पानं मांडीवर ठेवली आणि गप्प बसले. बाईंनी सांगितलेलं तिथं संपलं होतं. बाई दोन वाक्यं बोलल्या असत्या एवढा वेळ गेला असेल.

"हूं," आजी म्हणाल्या.

मी काकांकडे पाहिलं. पुन्हा तेवढीच शांतता, आणि पुन्हा हुंकार, या वेळी प्रश्नासारखा. मग एक भराभर आलेला, पाठोपाठ दुसरा, जणू गोष्टीत कुणीतरी पळत होतं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एक अगदी हळू. कुणी बोलत नव्हतं. माझ्या पाठीमागं बाईंची उशी होती. मागं वळून बघायचं नाही, असं मी ठरवलं आणि बघितलं नाही.

मावशी कधी स्वयंपाकघरात गेल्या ते मला कळलं नाही. त्या भांडी मुद्दाम जोरात आपटत होत्या. तो आवाज मला फार बरा वाटला.

हुंकार थांबले तेव्हा आजींचे डोळे मिटले होते. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला बसले. आईचा हात उचलून त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आई," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मला म्हणायची, तुमच्या आईला कळतं. मी म्हणायचो, तुझी समजूत."

"काका, माझी पानं काढते," मी म्हटलं.

"काढ," ते म्हणाले.

मालकांना समजावणं अवघड गेलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टीवर पाठवलं असतं. काकांनीच सांगितलं की गोष्ट एवढीच आहे. मालक म्हणाले, "पावणं, कडीला हात घातलाय आणि दार उघडायचं न्हाय? वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा?" काका म्हणाले, "व्हय. टांगूनच." त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुस्तक वर्षश्राद्धाला बाईंच्या फोटोपुढं ठेवलं. शाळेतल्या जुन्या मुली आल्या होत्या, प्रत्येकीनं एकेक प्रत नेली. नंतर छापखान्यात फोन येऊ लागले की शेवटची पानं गळाली आहेत, बदलून द्या. पानं बरोबर आहेत, असं मी सांगते. काही जण रागावतात. पन्हाळ्याकडच्या एका बाईंनी मात्र रागावायच्या ऐवजी विचारलं, ती बस अजून सुटते का? त्या चेष्टेनं विचारत असतील. मी फोन ठेवला.

हे सगळं कसं घडलं याचा अर्थ मी लावू शकत नाही. डॉक्टर म्हणतील, म्हाताऱ्या माणसाची सवय, शांततेतही सुरू राहते. तसंही असेल. आईला मी काहीच सांगितलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

काका आता दुपारी वाचनालयात जात नाहीत. ते त्या खुर्चीवर बसून आजींना गोष्टी वाचून दाखवतात. कधी रविवारी मीही जाते, मग मी वाचते आणि काका भिंतीला टेकून बसतात. उसाची गोष्ट आजींना सगळ्यात जास्त आवडते. शेवटची गोष्ट आली की कडीला हात घालण्यापर्यंत वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. मग आम्ही बसून राहतो. आजींचे हुंकार कधी लवकर संपतात, कधी ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत चालतात. त्या वेळात आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

परवा पुस्तक मिटल्यावर हुंकार चालू असताना आजी मध्येच हसल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गोष्टीत काय झालं असेल गं?"

मी पुढच्या हुंकाराची वाट बघत राहिले.